काटा पुन्हा वर सरकतो तेव्हा

स्वीडनमध्ये १९८७ साली लार्स शोस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यास सुरू झाला. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेले २,०१० जण एका गटात आणि तशाच वजनाचे, पण शस्त्रक्रिया न केलेले २,०३७ जण दुसऱ्या गटात. दोन्ही गटांचा मागोवा वीस वर्षं घेतला गेला. त्यातून जो आलेख तयार झाला, तो शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला संमतिपत्रावर सही करण्याआधी दाखवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. पहिलं वर्षभर रेषा झपाट्याने खाली येते. दुसऱ्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन मूळ वजनापेक्षा सरासरी २३ टक्के कमी असतं. मग रेषा हळूहळू वर वळते. दहाव्या वर्षी ही घट १७ टक्क्यांवर आलेली असते, पंधराव्या वर्षी १६, विसाव्या वर्षी १८. दुसऱ्या गटाची रेषा या सगळ्या काळात होती तिथेच राहते, फार तर एक-दोन टक्के इकडेतिकडे.

हेच किलोंमध्ये मांडून पाहू. १२० किलोचा माणूस दोन वर्षांत ९२ किलोंपर्यंत येतो, दहाव्या वर्षी शंभराच्या आसपास असतो आणि पुढे तिथेच कुठेतरी राहतो. डॉक्टर म्हणतात, अजून वीस किलो कमीच आहेत, उत्तम चाललंय. त्या माणसाला मात्र परत आलेले आठ किलो दिसतात. ९२ किलोंच्या दिवसांत त्याने कपडे नव्याने शिवून घेतलेले असतात, बऱ्याच वर्षांनी मोकळेपणाने फोटो काढून घेतलेला असतो, नातेवाइकांनी लग्नकार्यात कौतुक केलेलं असतं. त्या कपड्यांची बटणं पुन्हा ताणायला लागतात तेव्हा सरासरीचा आलेख त्याच्या कामाला येत नाही. हे पुस्तक त्या आठ किलोंविषयी आहे.

मराठीत वजन कमी करण्यावर पुष्कळ लिहिलं जातं. बॅरिअ‍ॅट्रिक म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेविषयीही वृत्तपत्रांतून आता बरीच माहिती येते: कुणासाठी, खर्च किती, कोणते प्रकार. मुंबई-पुण्यातच नव्हे, तर इतर शहरांतही ही शस्त्रक्रिया होते. पण हे सारं लेखन शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत येतं, फार तर त्यानंतरच्या वर्षभरापर्यंत, आणि ‘आधी’ व ‘नंतर’ अशा दोन छायाचित्रांवर थांबतं. तिसऱ्या, पाचव्या, आठव्या वर्षी त्या माणसाचं काय झालं, हे कुणी लिहीत नाही. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्यासमोर बसलेल्या अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला आहे: माझंच असं का झालं? त्या प्रश्नातला ‘माझंच’ पुसला जावा, एवढ्यासाठी हे लेखन.

आधी ही शस्त्रक्रिया काय करते ते पाहू. १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढून टाकलेल्या रुग्णांचं वजन सहसा वाढत नाही, या निरीक्षणातून ती कल्पना आली होती. बायपासमध्ये जठराचा अगदी छोटा कप्पा वेगळा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. स्लीव्ह शस्त्रक्रिया मूळची एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा. जास्त धोका असलेल्या रुग्णांवर आधी एवढंच करावं आणि वजन उतरल्यावर पुढचं, असा बेत असे. बऱ्याच जणांना पुढच्या टप्प्याची गरजच पडली नाही आणि तो पहिला टप्पाच स्वतंत्र शस्त्रक्रिया झाला. त्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळीसारखं जठर. आज जगात सर्वांत जास्त हीच शस्त्रक्रिया केली जाते.

जठर लहान झालं, म्हणून खाणं कमी झालं, म्हणून वजन उतरलं, एवढीच समजूत बहुतेकांच्या मनात असते आणि पुढच्या निराशेचं मूळ तिच्यात आहे. शस्त्रक्रियेचं खरं काम रक्तातल्या संप्रेरकांवर चालतं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ साली घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. दुसरीकडे अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचू लागल्याने जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं जेवणानंतर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त स्रवतात. म्हणून पहिले काही महिने माणसाला भूकच लागत नाही. समोर आवडीचं ताट असतं आणि चार घासांत मन भरतं. आयुष्यभर भुकेशी झगडलेल्या माणसाला हा अनुभव अद्भुत वाटतो, आणि तो तसा आहेच. या क्षेत्रातली माणसं त्याला ‘हनिमून पिरियड’ म्हणतात. साधारण वर्ष-दीड वर्षाने तो ओसरायला लागतो. भूक परत येते, जठराची नळी जरा सैलावते, आतडी नव्या रचनेशी जुळवून घेतात. पहिल्यांदा सडकून भूक लागली त्या दिवशी रुग्ण घाबरतो. आपलं ऑपरेशन फुकट गेलं, टाके सुटले, पोट पुन्हा पहिल्याएवढं झालं, असं त्याच्या मनात येतं. तसं काही झालेलं नसतं. भूक लागणं हे शरीर जुळतं झाल्याचं लक्षण आहे आणि ते जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं.

आता यामागचा मोठा भाग. घटलेलं वजन शरीराला मानवत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं. निर्बंध उठल्यावर हे तरुण पोट भरलं तरी खात राहिले आणि त्यांच्या अंगावरची चरबी मूळच्यापेक्षा जास्त झाली. २०१६ साली केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी वजन घटवण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी केली. बहुतेकांचं वजन बरंच परत आलं होतं. तरीही विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. दुष्काळात ज्यांच्या शरीराने अशी काटकसर केली ते जगले आणि आपण त्यांचे वंशज आहोत. शस्त्रक्रिया या काटकसरीवर आजवरच्या कोणत्याही पथ्यापेक्षा चांगली मात करते, शरीर ज्या वजनासाठी झगडतं ते वजनच ती खाली आणते. पण ती झगडण्याची सवय पुसून टाकत नाही. म्हणून लठ्ठपणा हा मधुमेहासारखा, रक्तदाबासारखा दीर्घकाळ सोबत राहणारा आजार मानावा लागतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याचा दाब एखाद्या वर्षी वाढला, तर आपण त्याला आळशी म्हणत नाही. गोळी बदलतो, तपासणी करतो. वजनाच्या बाबतीत मात्र आपली पहिली प्रतिक्रिया असते, ‘काय खाल्लंस?’

वजन वर-खाली होतं म्हणजे नेमकं काय होतं, याचे प्रकार वेगळे करायला शिकणं ही या पुस्तकातली माझ्या मते सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. पहिला प्रकार रोजचा: सकाळी ८६.२, दुसऱ्या दिवशी ८७.४. इतक्या वेळात सव्वा किलो चरबी अंगावर चढत नाही. ते पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. आदल्या रात्री पुलाव खाल्ला, पापड-लोणचं जरा जास्त झालं, पाळी जवळ आली, शौचाला दोन दिवस साफ झालं नाही, लांबचा बसप्रवास होऊन पाय सुजले, व्यायामाने अंग दुखतंय, यातल्या कोणत्याही कारणाने काटा किलो-दीड किलो हलतो. तो दोन-चार दिवसांत आपोआप उतरतो.

दुसरा प्रकार अडकण्याचा. शस्त्रक्रियेनंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात पुष्कळांचं वजन एकाएकी थांबतं. दिवसभरात पातळ पदार्थांवर सहाशे-सातशे कॅलरी पोटात जातायत आणि काटा आठ-दहा दिवस हलत नाही. घरचे चक्रावतात, रुग्ण रडकुंडीला येतो. पहिल्या दिवसांत ग्लायकोजेनबरोबर जे पाणी झटकन गेलेलं असतं, त्याचा समतोल शरीर पुन्हा साधत असतं. पुढेही असे थांबे येतात, सहाव्या महिन्यात, दहाव्यात. थांबा म्हणजे वाढ नव्हे. या काळात कंबरेचं माप घेतलं तर पुष्कळदा ते कमी झालेलं आढळतं.

तिसरा प्रकार स्वीडिश आलेखात दिसतो तो. सर्वांत कमी वजन गाठल्यावर थोडं परत येऊन स्थिरावणं. अमेरिकेतल्या युटा राज्यात टेड अ‍ॅडम्स यांच्या गटाने बायपास झालेल्यांना बारा वर्षं पाहिलं. दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो कमी, सहा वर्षांनी ३६, बारा वर्षांनी ३५. म्हणजे दुसऱ्या आणि सहाव्या वर्षांच्या मध्ये नऊ किलो परत आले आणि पुढची सहा वर्षं वजन जवळपास तिथेच राहिलं. ही वाढ अपेक्षित आहे. माझा आग्रह असा, की शस्त्रक्रियेआधी रुग्णाला सर्वांत कमी वजनाचं लक्ष्य सांगूच नये. पाचव्या वर्षी जे वजन टिकण्याची शक्यता आहे ते सांगावं. दोन वर्षांनी तो त्याहून खाली गेला, तर तो काळ आनंदाने जगावा, पण त्याला आपलं कायमचं वजन समजू नये.

चौथा प्रकार मात्र लक्ष देण्याचा. तीन-चार महिने दर महिन्याला वजन चढतंच आहे, भूक आवरत नाही, पूर्वी एका वाटीत पोट भरायचं ते आता दोन वाट्यांनीही भरत नाही, किंवा उतरलेली साखर, रक्तदाब पुन्हा वर जातायत. इथे थांबायचं नाही, दाखवायचं. किती किलो परत आले म्हणजे ‘वजन परत वाढलं’ म्हणायचं, याची सर्वमान्य एकच व्याख्या नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात व्याख्या बदलली की वाढ झालेल्यांचं प्रमाणही कितीतरी बदलतं, असंच दिसलं. म्हणून आकड्याची वाट न पाहता चढण्याचा कल बघावा.

आणि उलट दिशेचा चढउतारही विसरू नये. वजन घसरतच चाललंय, उलट्या थांबत नाहीत, जेवणच जात नाही, हेही ‘छान, उतरतंय’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. सतत उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्व थोड्या आठवड्यांत संपतं आणि मेंदूला व नसांना कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

आपल्या स्वयंपाकघराविषयी या पुस्तकात बरंच लिहिलं आहे, कारण शस्त्रक्रियेचं बहुतेक साहित्य पाश्चात्त्य ताटाभोवती फिरतं. तिथे चिकन आणि टर्की असतं, आपल्याकडे वरण-भात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत त्याहून कितीतरी कमी. शाकाहारी घरात, त्यातही सोमवार, चतुर्थी, एकादशी धरणाऱ्या घरात, हे गणित जुळवणं अवघड आहे आणि ते अवघड आहे हे आधी मान्य केलं पाहिजे. उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वर दाण्याचं कूट आणि तूप. दही, ताक, पनीर, दूध यांच्या आधाराने उपवास निभावता येतो, आणि ज्यांना उपवास सोडवत नाही त्यांना तो सोडा असं सांगण्यापेक्षा ही वाट दाखवणं मला अधिक बरोबर वाटतं.

लहान झालेल्या जठरात कोरडी भाकरी, चिवट मटण अडकतं. छातीत दाटतं, कधी घास परत येतो. मग माणूस नकळत मऊ, सुळकन उतरणाऱ्या पदार्थांकडे वळतो: चहात बुडवलेली खारी, बिस्किट, शिरा, श्रीखंड, आमरस, उन्हाळ्यात उसाचा रस. किंवा तोंडात विरघळणारी शेव, फरसाण, वेफर. हे पदार्थ अडकत नाहीत, त्यांनी पोट भरल्यासारखंही वाटत नाही, आणि दिवसभर थोडे थोडे जात राहतात. एका वेळी ताट भरून खाणं शस्त्रक्रियेने बंद केलं, पण दर अर्ध्या तासाला चिमूटभर चिवडा ती थांबवू शकत नाही. पुन्हा वाढलेल्या वजनाचा उलगडा करताना मला सर्वांत जास्त वेळा इथेच उत्तर सापडलं आहे. बायकांच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर असतो. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या खाणं, मुलांच्या ताटात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तोंडात टाकणं, स्वतःसाठी वेगळं पनीर किंवा अंडं करायला संकोच वाटणं. सासूबाई, नवरा, मुलं यांनी एवढंच केलं तरी खूप होईल: तिला पहिल्यांदा, बसून, तिच्या ताटातलं तिचं जेवण जेवू द्यावं. सणासुदीला आणि पंगतीत आग्रह करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की ‘एवढ्याने काय होतंय, घ्या’ हे वाक्य या माणसापुरतं बंद करा.

पण सगळं खाण्यावर ढकलणं अन्यायाचं आहे, म्हणून या पुस्तकात आहाराच्या प्रकरणाआधी कारणांचं प्रकरण ठेवलं आहे. थायरॉइड मंदावलेलं असू शकतं. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू झालेल्या असतात. इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, रजोनिवृत्ती, पीसीओडी, रात्रपाळी, झोपेचा बोजवारा, गुडघ्याला झालेली दुखापत, घरातला मृत्यू, प्रत्येकाचा वजनाशी थेट संबंध आहे. गर्भारपणातली वाढ तर हवीच असते, फक्त शस्त्रक्रियेनंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायची असते. काही वेळा रचनेतच दोष उद्भवतो: बायपासनंतर छोटा कप्पा आणि बाजूला ठेवलेलं जठर यांच्यामध्ये पुन्हा मार्ग तयार होतो, किंवा कप्प्याचं तोंड रुंदावतं. एंडोस्कोपीसारख्या तपासणीशिवाय हे कळत नाही. ज्या बाईला सहा महिने ‘तोंडावर ताबा ठेवा’ असं ऐकवलं गेलं आणि नंतर तपासणीत असं काही निघालं, तिने सोसलेला अपमान कोणत्या औषधाने भरून काढायचा?

दारूविषयी स्पष्ट लिहायला हवं. बायपासनंतर दारू फार वेगाने रक्तात शिरते, थोड्याशाने चढते आणि जास्त वेळ राहते. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात बायपासनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा वाढलेलं आढळलं. वजन, यकृत आणि घर, तिन्ही त्यात सापडतात.

मनाचंही तसंच. युटातल्याच अ‍ॅडम्स यांच्या २००७ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये आजारांनी होणारे मृत्यू खूप कमी झाले, पण अपघात आणि आत्महत्या यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू तुलनेत जास्त होते. ही माहिती कुणाला घाबरवण्यासाठी इथे दिलेली नाही. खाणं हाच ज्यांचा वर्षानुवर्षांचा आधार होता, त्यांचा तो आधार शस्त्रक्रियेने एका दिवसात काढून घेतलेला असतो. त्या जागी दुसरं काही उभं राहायला माणसं लागतात, वेळ लागतो, कधी मानसोपचार लागतात. लोंबणाऱ्या त्वचेमुळे आरशाकडे पाहवत नाही, नातेसंबंध बदलतात, आणि वजन परत चढायला लागलं की ‘एवढे पैसे घातले आणि काय मिळालं’ हे वाक्य घरात उच्चारलं जातं. असं वाक्य तोंडून गेलं असेल तर कृपा करून परत घ्या. मन फारच खचलं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे सगळं लिहिताना मला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त खंत आहे ती अशी की वजन वाढायला लागलं की माणसं तपासणीला येणं बंद करतात. उतरत असताना दर महिन्याला उत्साहाने येणारा माणूस चार किलो वाढले की तारीख पुढे ढकलतो, मग फोन उचलत नाही. त्याला लाज वाटते. डॉक्टर रागावतील, आहारतज्ज्ञ वही तपासतील, बाकीचे रुग्ण बघतील. नेमक्या याच काळात बी-१२, लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या गोळ्याही सुटतात. बी-१२ची कमतरता सावकाश येते, पायांना मुंग्या येईपर्यंत लक्षात येत नाही. मग थकवा येतो, चालणं कमी होतं आणि वजन आणखी चढतं. दुसरीकडे लाजेपोटी माणूस स्वतःच उपाय करतो: चार दिवस पाण्यावर, आठ दिवस फक्त सूपवर, कुणीतरी सांगितलेलं ‘पोट रिसेट’ करणारं पातळ पथ्य. त्यात तीन किलो जातात, त्यातलं बरंचसं पाणी असतं, ते परत येतं, आणि सोबत अपयशाची आणखी एक भर पडते. या लाजेची जबाबदारी रुग्णापेक्षा आम्हा उपचार करणाऱ्यांवर जास्त आहे. काट्यावर उभं करून सर्वांसमक्ष आकडा मोठ्याने वाचण्याची पद्धत दवाखान्यांनी बंद करावी. वाढलेलं वजन घेऊन आलेल्या माणसाला पहिलं वाक्य ‘बरं झालं आलात’ हे ऐकू यावं.

काटा घरी ठेवावा का, हा नेहमीचा प्रश्न. माझं उत्तर: ठेवावा, पण आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर उभं राहावं आणि आकडा लिहून ठेवावा. ज्याला तो आकडा दिवसभर छळतो, त्याने महिन्यातून एकदा. सोबत कंबरेचं माप, तीन-चार महिन्यांनी साखर. आपल्या लोकांसाठी हे विशेष महत्त्वाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली आपल्या दोघांची छायाचित्रं आणि मापं ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१. तो इंडेक्स दोघांना एकच समजत होता. शस्त्रक्रियेनंतर प्रथिनं कमी पडली आणि व्यायाम झाला नाही, तर स्नायू झिजतात. पुढे परत येते ती मुख्यतः चरबी. म्हणून चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा, रबरी पट्ट्यांचा किंवा नुसता खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा ताकदीचा व्यायाम हवाच.

उपायांची परिस्थिती दहा वर्षांपूर्वीपेक्षा आज पुष्कळ चांगली आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही वजनावरची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात वजनासाठी अधिकृतपणे उपलब्ध झाली. लंडनमधल्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर पुरेसं वजन न उतरलेल्या लोकांना त्याच कुळातलं लिराग्लुटाइड सहा महिने दिल्यावर वजन जवळपास ९ टक्के घटलं, तर नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांचं अर्धा टक्का. शस्त्रक्रियेनंतर औषध लागणं म्हणजे शस्त्रक्रिया फसणं नव्हे. मात्र ही औषधं महाग आहेत, थांबवली की वजन पुन्हा वाढण्याकडे कल असतो, आणि आधीच कमी खाणाऱ्या माणसाला ती देताना प्रथिनं व जीवनसत्त्वं यांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. मित्राला दिलेल्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून ती घेऊ नयेत. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया, म्हणजे बहुधा स्लीव्हची बायपास करणं, काहींना लागते, विशेषतः छातीत आम्ल उसळण्याचा त्रास असेल तर. तिचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. ती शेवटी, सगळी कारणं तपासल्यावर.

शोस्ट्रॉम यांच्या अभ्यासाचा एक निष्कर्ष सांगायचा राहिला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचा धोका दुसऱ्या गटापेक्षा २९ टक्क्यांनी कमी होता. ही तीच माणसं, ज्यांच्या वजनाची रेषा दुसऱ्या वर्षानंतर वर वळली होती. काही किलो परत येऊनही हा फायदा त्यांच्या पदरात पडला.

पुस्तकातली प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याचं वजन आज वाढलंय त्याने कारणांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, घरच्यांनी स्वयंपाकघराच्या. आणि तुम्ही तपासणीला जाणं सोडून वर्ष झालं असेल, दोन झाली असतील, तर हे पुस्तक संपेपर्यंतही थांबू नका. जुनी फाइल सापडली तर घ्या, नाही सापडली तरी चालेल. या आठवड्यात दवाखान्यात फोन करून तारीख घ्या, आणि जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या.